वाळवंटात सोडून दिलेल्या धावपट्ट्या: कैरो, बगदाद, शारजा, कराची

अबोली_शारजा

शारजातला किंग अब्दुलअझीझ रस्ता इथल्या बऱ्याच मंडळींच्या रोजच्या वाटेवरचा आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, दवाखाने, बँका आणि मधून नाकासमोर गेलेला रस्ता. तो असा सरळसोट का, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे. १९३२ पासून इथे विमानं उतरत होती, १९७७ मध्ये नवा विमानतळ शहराबाहेर सुरू झाला आणि वाढत्या शहराने पट्टी आपल्या पोटात घेतली. कडेला 'अल महत्ता' नावाचं संग्रहालय आहे. जुन्या विमानतळाचा किल्लेवजा विसावा आणि त्याचा मनोरा तिथे जपून ठेवला आहे.

या विषयावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच, की इजिप्तपासून ओमानपर्यंत वाळवंटात ब्रिटिश हवाई दलाने जे तळ आखले आणि पुढे सोडून दिले, त्यांचा इतिहास आपलाही आहे. ती सगळी मांडामांड हिंदुस्थानकडे यायच्या वाटेसाठी होती. भाडं रुपयांत जायचं, वाटेच्या शेवटी कराची होती आणि कराचीपुढे मुंबई.

शारजाची सुरुवात सांगते. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीची लंडन ते कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. तेव्हा विमानं इराणच्या किनाऱ्याने यायची. इराण सरकारने ती परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा कंपनीला खाडीच्या अलीकडच्या, म्हणजे अरबी किनाऱ्यावर जागा शोधावी लागली. इथले शेख सहजासहजी तयार नव्हते. विमानांमागोमाग ब्रिटिशांची ढवळाढवळ वाढेल ही त्यांची धास्ती होती आणि ती काही चुकीची नव्हती. शेवटी शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनी जुलै १९३२ मध्ये करार केला. जागेचं भाडं महिन्याला ८०० रुपये, शिवाय शेखांना स्वतःला ५०० रुपये. तेव्हा इथे हिंदुस्थानी रुपयाच चालत असे.

ऑक्टोबर १९३२ मध्ये पहिलं विमान उतरलं: हँडली पेज कंपनीचं एच.पी. ४२, चार इंजिनांचं, एकावर एक दोन पंखांचं धूड, वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. रात्री उड्डाण नसे. प्रवासी इथे मुक्काम करायचे, म्हणून विसाव्याला जाड भिंती, बुरूज, काटेरी तार आणि शेखांनी दिलेले पहारेकरी.

आता त्याच महिन्याची दुसरी तारीख बघा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून छोटं पस मॉथ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. इंपीरियलने कराचीपर्यंत आणलेली डाक त्यांनी मुंबईला पोहोचवली. भारताच्या विमानसेवेचा आरंभ म्हणून आपण तो दिवस साजरा करतो. जुहूच्या मागे कराची आहे आणि कराचीच्या मागे हे सगळं वाळवंट, हे मात्र सांगायचं राहून जातं.

कोणी इराक, ओमान, जॉर्डनकडे काम केलं असेल तर जरूर लिहा.

जुने_नकाशे

अबोलीताई, धागा वाचनखूण म्हणून ठेवला. शारजाच्या आधीचा टप्पा मी जोडतो, कारण खरी सुरुवात त्याच्याही अकरा वर्षं आधी झाली.

मार्च १९२१ मध्ये कैरोत चर्चिलच्या पुढाकाराने परिषद भरली. पहिल्या महायुद्धानंतर इराक ब्रिटिशांच्या हाती आला होता, पण १९२० च्या उठावाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. तो उठाव मोडायला सुमारे ४ कोटी पौंड खर्च झाला आणि लढणारे बहुतेक सैनिक हिंदुस्थानी होते. तेव्हा ठरलं की पायदळ कमी करायचं आणि इराक विमानांच्या धाकात ठेवायचा. १ ऑक्टोबर १९२२ पासून इराकचा लष्करी ताबा हवाई दलाकडे गेला. आठ स्क्वॉड्रन तिथे होत्या.

त्यासाठी कैरो आणि बगदाद जोडणं भाग होतं. मधे कित्येक शे किलोमीटर ओसाड मुलूख, खुणेला ना झाड ना नदी. तेव्हाच्या वैमानिकाकडे होकायंत्र, नकाशा आणि स्वतःचे डोळे एवढंच. उपाय काय केला? मोटारींचे ताफे पाठवून जमिनीवर माग पाडला आणि जिथे चाकांचा माग टिकेना तिथे चक्क नांगराने तास मारला. वैमानिकाने ते तास नजरेत ठेवून उडत जायचं. वाटेत ठरावीक अंतरावर उतरायच्या जागा आखल्या: अम्मानच्या बाजूने रोमन लिपीतली अक्षरं, बगदादच्या बाजूने रोमन आकडे. खूण जमिनीवर मोठी काढलेली, वरून वाचता येईल अशी. इंजिन बिघडलं की वैमानिक जवळच्या जागेवर उतरायचा आणि बिनतारी यंत्राने कळवायचा की अमुक अक्षराजवळ आहे.

जून १९२१ मध्ये या मार्गाने हवाई डाक सुरू झाली. त्याआधी बगदादची डाक बोटीने मुंबईमार्गे बसऱ्याला जायची आणि लंडनहून पोहोचायला जवळपास चार आठवडे लागायचे. हवाई डाकेने ते नऊ-दहा दिवसांवर आलं. म्हणजे मुंबई वाटेतून वगळली गेली, आणि पुढे हाच मार्ग वाढत वाढत कराचीकडून पुन्हा मुंबईला येऊन मिळाला.

या वैमानिकांनी आणखी एक मोठं काम नकळत केलं. जॉर्डनमधल्या अझरकच्या पूर्वेला काळ्या बसाल्टचं पठार आहे. त्यावरून जाताना त्यांना दगडांच्या लांबच लांब भिंती दिसायच्या, दोन भिंती जवळ येत येत एका बंदिस्त घेऱ्यात संपणाऱ्या. आकार पतंगासारखा, म्हणून त्यांनी नावही पतंगच ठेवलं. मेटलंड नावाच्या फ्लाइट लेफ्टनंटने १९२७ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. हरणांचे कळप हाकत नेऊन अडकवायचे ते प्रागैतिहासिक सापळे होते. जमिनीवरून चालताना ती नुसती गुडघाभर उंचीची दगडांची रांग वाटते.

शिवार

वाचतोय. एक शंका. शारजाचा तळ तर नागरी विमानकंपनीचा होता ना? धाग्याचा विषय लष्करी धावपट्ट्यांचा दिसतो.

अबोली_शारजा

शिवार, रास्त शंका. पण तेव्हा अशी रेघ ओढलेली नव्हती. हवाई दलाला सुरुवातीपासून पट्टी वापरता येत होती आणि दुसऱ्या महायुद्धात तर तिथे त्यांचाच तळ बसला. अमेरिकी विमानंही थांबत. युद्धानंतर 'आर.ए.एफ. शारजा' म्हणून तो मोठा तळ झाला आणि ब्रिटिश आखातातून बाहेर पडले तेव्हा, डिसेंबर १९७१ मध्ये, बंद झाला. त्याच महिन्यात अमिरातींचा संघ अस्तित्वात आला. नंतरची पाच वर्षं पट्टी निव्वळ नागरी होती.

नाखवा

शारजाच्या तळाने युद्धात काय केलं ते मी सांगतो, कारण ते पाण्यातलं आहे आणि पाणी हा माझा प्रांत. आम्ही बोटीवरची माणसं फुजैराच्या अँकरेजला दिवसेंदिवस पडून असतो. तिथून खोर फक्कान समोर दिसतं, मागे नागडे तपकिरी डोंगर.

१६ ऑक्टोबर १९४३. यू-५३३ ही जर्मन पाणबुडी ओमानच्या आखातात होती. शारजाच्या २४४ स्क्वॉड्रनचं बिस्ली विमान, म्हणजे ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचाच शेवटचा प्रकार, गस्तीवर होतं. विमानाने तिला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गाठलं आणि बुडवलं. पाणबुडीवर ५३ माणसं होती. वाचला एक. तो पोहत पोहत खोर फक्कानच्या किनाऱ्याला लागला, एक अख्खा दिवस आणि वर काही तास पाण्यात काढून. त्या पाण्याला किती ओढ आहे हे मला माहीत आहे, म्हणून हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं मी. पाणबुडीचे अवशेष २००९ मध्ये बुडी मारून शोध घेणाऱ्यांना सापडले.

दुसरी गोष्ट तिथलीच, तीन वर्षं आधीची. अबोलीताईंनी ज्या एच.पी. ४२ विमानांबद्दल लिहिलं, त्यातलं पहिलं बांधलेलं 'हॅनिबल'. १ मार्च १९४० रोजी इराणच्या जास्कहून शारजाला येताना ते ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आत आठ जण. त्यांत मद्रासच्या जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, लंडनला नव्या नेमणुकीवर रुजू व्हायला निघालेले. विमान आजतागायत सापडलेलं नाही. तमिळनाडूत त्यांची आठवण आहे, आपल्याकडे नावही कानावर येत नाही.

सातारी_माती

जुने_नकाशे यांनी १९२० च्या उठावातल्या हिंदुस्थानी सैनिकांचा उल्लेख केला. आपल्याकडच्या लोकांचा त्या भूमीशी संबंध त्याहून आधीचा आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके परत आले नाहीत. त्यातले पुष्कळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले.

डिसेंबर १९१५ मध्ये तिथल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन म्हणजे 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपलं. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकून अन्न पोहोचवायचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या सैन्याला विमानाने रसद द्यायचा जगातला तो पहिलाच प्रयोग मानतात. दाणे होते पण दळायला काही नाही, म्हणून जात्याचे दगडही विमानातून टाकले. काही पोती तैग्रिस नदीत पडली, काही तुर्कांच्या बाजूला. गरजेच्या मानाने रसद फारच तुटपुंजी ठरली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. नंतर कैदेत आणि वाळवंटातून चालवत नेताना जे मेले त्यांची संख्या वेढ्यातल्या मृतांपेक्षा मोठी आहे.

त्या वेढ्यात विमान ही वस्तू आपल्या माणसांनी पाहिली ती अशी, वरून पीठ-दाणे टाकणारी. मला वाटतं या धाग्यात त्यांची नोंद असावी.

शिवार

अंगावर काटा आला. आमच्या आजोळच्या शाळेत अशी पाटी आहे. आकडा वाचून पुढे जायचो.

दजला_फरात

ऐंशीच्या दशकात आमच्यासारखे बरेच भारतीय अभियंते कंत्राटी कामांवर इराकमध्ये होते. बगदादहून पश्चिमेला रमादीकडे जाताना फलुजाच्या पुढे हब्बानिया लागतं. आमच्या गाडीला तिथे थांबायची मुभा नसे. डावीकडे मोठा तलाव चमकायचा, उजवीकडे फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठाने झाडांच्या दाट रांगा. त्या मुलखात इतकी जुनी, ओळीत लावलेली झाडं पाहिली की समजावं, कोणीतरी मुद्दाम वसवलेली जागा आहे.

हब्बानियाइतका मोठा तळ या सगळ्या साखळीत दुसरा नव्हता. १९३० च्या तहाप्रमाणे ब्रिटिशांना बगदादजवळचा हिनैदी तळ सोडायचा होता, त्याच्या बदल्यात फरातकाठी नवा बांधला आणि १९३६ मध्ये सगळे तिकडे गेले. स्वतःचं वीजघर, पाणी शुद्ध करायची व्यवस्था, रुग्णालय, चर्च, सिनेमाघर, पोलोचं मैदान, बागा. भोवती कित्येक किलोमीटरचं कुंपण. तलावावर इंपीरियलची पाण्यावर उतरणारी विमानंही येत. कामगार आणि त्यांची कुटुंबं धरून हजारो माणसं कुंपणाच्या आत राहायची.

एक खोट मात्र होती, आणि ती जागा बघितल्यावर कोणाच्याही ध्यानात येते. तळ नदीच्या सखल काठावर आणि दक्षिणेला लगेच पठार. पठारावर तोफ ठेवली की सगळा तळ माऱ्यात. एप्रिल १९४१ मध्ये इराकी नेते रशीद अली यांनी बगदादची सत्ता घेतली आणि महिनाअखेरीस इराकी सैन्य नेमकं त्या पठारावर येऊन बसलं. तळावर लढाऊ पथकं नव्हती, होती ती उड्डाणशाळा. शिकाऊ वैमानिकांची ऑडॅक्स आणि ऑक्सफर्ड विमानं, त्यांना बॉम्ब अडकवायची सोय करून घेतली. मुख्य धावपट्टी पठारावरून उघडी दिसायची, म्हणून पोलोचं मैदान आणि गोल्फचं मैदान मिळून झाडांआड दुसरी पट्टी तयार केली. २ मे च्या पहाटे शिक्षक आणि विद्यार्थी हीच विमानं घेऊन उडाले, आणि दिवसभर उतरायचं, बॉम्ब भरायचे, पुन्हा उडायचं असं चाललं. बसऱ्याकडून वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानंही आली. ६ मे ला इराकी सैन्य पठार सोडून गेलं.

याच सुमारास आपली १० वी इंडियन डिव्हिजन बसऱ्याला उतरत होती. तिची पहिली ब्रिगेड कराचीहून मलायाला जायची ठरली होती, ती वळवून इकडे आणली.

१९५८ मध्ये इराकचा राजा गेला, १९५९ मध्ये ब्रिटिशांनी हब्बानिया सोडलं. ज्या पठारावर तोफा होत्या तिथे पुढे इराकने ताकद्दुम हा मोठा तळ बांधला.

उत्तरा_जोशी_नव्हे

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण सूर जरा खटकतोय म्हणून लिहिते. नांगराचं तास, पोलोचं मैदान, मुक्कामाचा किल्ला, हे वाचताना छान वाटतं. पण ही विमानं तिथे काय करत होती? १९२० च्या दशकात इराकमध्ये कर न भरणाऱ्या, हुकूम न मानणाऱ्या टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब टाकले जात. आधी पत्रकं टाकून सूचना द्यायची, मग घरं, गुरं, पिकं उद्ध्वस्त करायची. त्याला नाव होतं हवाई बंदोबस्त. पायदळापेक्षा स्वस्त, एवढंच त्याचं कौतुक. पुढे जर्मन शहरांवर बॉम्बवर्षाव करणारे आर्थर हॅरिस तेव्हा इराकमध्ये ४५ स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. त्यांनी व्हर्नन या मालवाहू विमानांच्या नाकाला भोक पाडून नेम धरायची सोय केली आणि डाकेची विमानं बॉम्बफेकी बनवली. म्हणजे डाक नेणारं आणि गाव जाळणारं विमान एकच.

हब्बानियाचा वेढासुद्धा इराकी माणूस वेगळा सांगेल. त्याच्या दृष्टीने परक्यांचा तळ आपल्या जमिनीवरून हटवायचा तो प्रयत्न होता. १९४१ साली आपल्याकडे वेगळं काय चाललं होतं?

अबोली_शारजा

उत्तराताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. 'हा इतिहास आपलाही आहे' असं मी म्हटलं त्यात हेही आलंच पाहिजे. आपण या वाटेच्या दोन्ही टोकांना होतो. हिंदुस्थानचा पैसा आणि हिंदुस्थानी शिपाई वापरून ही व्यवस्था उभी राहिली, आणि हीच पद्धत वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानातही वापरली गेली. त्यामुळे ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांच्यातही आपण होतो आणि ज्यांच्या जोरावर पडले त्यांच्यातही.

म्हणूनच मला महत्ताचं जतन महत्त्वाचं वाटतं. शारजाचे सध्याचे शासक शेख डॉ. सुलतान अल कासिमी स्वतः इतिहासाचे अभ्यासक आहेत. इमारत पाडून टॉवर बांधणं त्या जागी सहज शक्य होतं, जमिनीचा भाव पाहता कोणी नावंही ठेवली नसती. ती राहिली, २००० मध्ये संग्रहालय झालं, म्हणून आज मुलांना तिथे नेऊन दोन्ही बाजू सांगता येतात. इराकमध्ये लागोपाठच्या युद्धांनी ती संधीच ठेवली नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ

वायुदलात जमिनीवरच्या विभागात नोकरी झाली, त्यातली काही वर्षं राजस्थानात. म्हणून वाळवंटात पट्टी कशी करतात आणि ती मरते कशी, यावर थोडं.

लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे सगळी वाळू, तिथे विमान रुतायचं. उलट वाळवंटात तयार मैदानं मिळतात. पावसाचं पाणी सखल भागात साचतं, गाळ बसतो, पाणी उडून जातं आणि मागे फरशीसारखी टणक, सपाट जमीन राहते. जॉर्डन-इराककडे अशा जागांना 'का' म्हणतात. कैरो-बगदाद मार्गावरच्या उतरायच्या बऱ्याच जागा म्हणजे ही मैदानंच. आखाताच्या किनाऱ्यावर 'सबखा' असते, मिठाचा पापुद्रा धरलेली. दोन्ही कोरड्या असेपर्यंत उत्तम. एक सर आली की वर चार बोटं निसरडा चिखल, आणि विमान चाकाच्या आसापर्यंत आत. जुन्या विमानांना शेपटीखाली टेकू असायचा, त्यांना आडवा वारा चालत नसे, म्हणून लांब पट्टीपेक्षा चौफेर मोकळं मैदान बरं पडायचं. विमानं जड झाली, पुढे नाकाखाली चाक आलं, वेग वाढला, तेव्हा मग ठरावीक दिशेची डांबरी पट्टी लागू लागली. आखातात कुठे कुठे वाळूत कच्चं तेल कालवून रोलर फिरवलेल्या पट्ट्याही होत्या.

उन्हाळ्याचा मोठा त्रास. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो. त्याच विमानाला त्याच वजनाला दुपारी पहाटेपेक्षा खूप लांब धावावं लागतं. म्हणून जुन्या वेळापत्रकांत उड्डाणं अंधार सरता सरता असायची. धूळ इंजिनात गेली की सिलिंडर घासून निघतात, त्यामुळे गाळण्या साफ करणं हे रोजचं पहिलं काम. इंजिनावर झाकण घालायचं राहिलं तर सकाळी पाव किलो वाळू निघते, हे मी स्वतःच्या हातांनी काढलेलं सांगतो.

पट्टी सोडून दिल्यावर काय होतं? आपल्या कोकणात पट्टी सोडली तर दोन पावसाळ्यांत फटींतून गवत, पाच वर्षांत झुडपं. वाळवंटात मुळं नाहीत, पाणी नाही. डांबर उन्हाने वाळतं, करडं पडतं, ठिसूळ होतं, जाळीसारखे तडे जातात. पण आकार जात नाही. म्हणून उपग्रहाच्या चित्रांत अशा पट्ट्या ऐंशी वर्षांनीही लख्ख दिसतात, आणि जमिनीवर उभं राहिलं तर पायाखाली आहे हे कळायलाही वेळ लागतो.

मस्कतकर

ओमानमधून माझी भर. मसिरा बेट आणि सलाला. दोन्ही ठिकाणी तीसच्या दशकाच्या आसपास एडनकडून येणाऱ्या मार्गासाठी उतरायच्या जागा केल्या आणि युद्धात त्यांचे तळ झाले. मसिरा इतकं एकाकी बेट, की धक्क्यावरून तळापर्यंत सामान न्यायला हवाई दलाने तिथे चिमुकली नॅरोगेज रेल्वे टाकली होती. विमानतळासाठी आगगाडी!

सलालाच्या तळाने प्रत्यक्ष युद्ध पाहिलं. सलाला ज्या धोफार प्रांतात आहे तिथलं बंड साठच्या दशकात सुरू झालं, डोंगरातून बंडखोर तोफगोळे टाकायचे. तळाभोवती वाळूने भरलेल्या पिंपांचे मोर्चे रचले होते, इंग्रज त्यांना 'हेजहॉग' म्हणायचे. १९७७ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने मसिरा आणि सलाला दोन्ही सोडली. मात्र या जागा ओस पडल्या नाहीत, ओमानने स्वतः चालवायला घेतल्या. १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेली अमेरिकी हर्क्युलिस विमानं मसिराहूनच उडाली होती. ती मोहीम इराणच्या वाळवंटात कशी फसली ते बहुतेकांना माहीत असेल.

आणि कराचीच्या आधीचा थांबा ग्वादर. तो १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडे होता. म्हणजे शारजाहून उडालेलं विमान ओमानी मुलखात उतरून मग कराचीला जायचं.

दजला_फरात

खऱ्या अर्थाने ओस पडलेलं बघायचं असेल तर पश्चिम इराकमधला एच-३. नावामागे तेलाची वाहिनी आहे. तीसच्या दशकात किरकुकहून भूमध्य समुद्राकडे दोन फाटे काढले, एक हैफाला आणि एक लेबनॉनमधल्या त्रिपोलीला. हैफाच्या फाट्यावरची पंपघरं एच-१, एच-२, एच-३, त्रिपोलीच्या फाट्यावरची टी. पंपघर म्हटलं की शेजारी विमान उतरायची जागा हवीच, दुरुस्तीची माणसं आणि पगार दुसरा कशाने पोहोचणार? पुढे याच पट्ट्यांचे इराकने लष्करी तळ केले. एच-५ जॉर्डनमध्ये आहे, तिथे आजही त्यांचा हवाई तळ चालू आहे.

१९४८ नंतर हैफाकडे तेल जाणं थांबलं, पण तळ वाढतच गेले. इराण-इराक युद्धात, ४ एप्रिल १९८१ ला, इराणच्या फँटम विमानांनी हवेतच इंधन घेत, लांबचा पल्ला गाठून एच-३ वर हल्ला केला. इराकने आपली विमानं इराणपासून जितकी लांब ठेवता येतील तितकी लांब ठेवली होती, तरी ती तिथे जमिनीवर सापडली. आम्ही तेव्हा बगदादकडे होतो. रेडिओवर काही नाही, साइटवर कुजबुज तेवढी. १९९१ आणि २००३ नंतर तिथे काही उरलं नाही.

शिवार

भारतात या मार्गाचं काही शिल्लक आहे का? कराचीच्या पुढे काय होतं?

जुने_नकाशे

शिवार, कराचीहून एक फाटा जोधपूरमार्गे दिल्लीकडे गेला. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह स्वतः विमानवेडे होते, त्यामुळे तिथे चांगला विमानतळ झाला. तो सोडला गेला नाही, आज आपल्या वायुदलाचा महत्त्वाचा तळ आहे. दुसरा फाटा टाटांचा: अहमदाबाद, मुंबई, बल्लारी, मद्रास. जुहूच्या पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. ते आधी ब्रिटिश हवाई दलात होते.

आणखी एक आठवलं. १९२९ च्या अखेरीस आगा खान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावलं होतं. १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरच्या हवाई तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचा स्पार्क प्लग गेला होता, ते अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. अस्पी पुढे निघाले आणि थोडक्या फरकाने जिंकले. तेच पुढे १९६० मध्ये भारताचे वायुदलप्रमुख झाले.

निवृत्त_तंत्रज्ञ

अस्पी इंजिनिअर साहेबांची ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणातच सांगितली होती. प्लग सांभाळून ठेवा, कोणाला लागेल सांगता येत नाही, असं आमचे उस्ताद म्हणायचे.

नाखवा

अबोलीताई, पुढच्या खेपेला फुजैराला क्रू बदलला की महत्ता बघणार. शारजा तिथून दीड तासावर. धावपट्टीचं मूळ टोक कुठे होतं ते कळतं का?

अबोली_शारजा

नाखवादादा, जरूर या. संग्रहालयाच्या दाराशी उभं राहून रस्त्याच्या दोन्ही दिशांना बघितलं की पट्टीची दिशा कळते, पण टोकं इमारतींत गेली आहेत. आत जुने हवाई फोटो लावलेले आहेत. त्यांत किल्ला, पट्टी आणि भोवती नुसतं मैदान दिसतं. आधी ते बघा आणि मग मनोऱ्याकडे जा, म्हणजे जागा लागते. डी.सी.-३ विमानही आत ठेवलेलं आहे. शुक्रवारी वेळा वेगळ्या असतात, तेवढं आधी विचारून या. आणि हॅनिबलबद्दल तिथे काही नोंद आहे का, हे मीही या आठवड्यात जाऊन बघते आणि इथेच लिहिते.